समासातले शेरे

एका शहरात एकदा एक वृद्ध प्राध्यापक राहत असत. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली इंग्रजी कविता हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. निवृत्तीनंतरही दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे पाच-सहा प्रौढ माणसे जमत आणि आपापली भाषांतरे वाचत. तिथे एक नियम होता. भाषांतर वर्गात आणण्यापूर्वी ते घरातल्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसाला वाचून दाखवायचे आणि तो जे म्हणेल ते पेन्सिलीने समासात जसेच्या तसे उतरवायचे. सर म्हणत, "आधी घरच्या कानाला पटू दे, मग माझ्याकडे या."

त्यांचा आवडता शिष्य एका दीर्घ कवितेचे भाषांतर करीत होता. कथा मूळची ग्रीक पुराणातली. युद्ध संपवून घरी निघालेले खलाशी वाटेत एका बेटावर उतरतात, तिथले गोड फळ खातात, आणि मग त्यांना घरी जाण्याची इच्छाच उरत नाही. शिष्याचे श्रोते म्हणजे त्याचे वडील. त्यांनी चाळीस वर्षे एका छापखान्यात मुद्रिते तपासली होती, त्यामुळे त्यांचा कान भारी तिखट. पहिल्या कडव्यांच्या समासात त्यांचे शेरे होते: 'विस्मृतिफल कशाला? नुसते फळ म्हण.' 'ही ओळ धापा टाकते.' 'तेच दोनदा सांगितलेस.' वर्गातली मंडळी कवितेपेक्षा या शेऱ्यांचीच वाट पाहत.

मग वडिलांना पक्षाघात झाला. थोरल्या बहिणीने, शरयूने, शाळेतली नोकरी सोडली आणि ती त्यांच्या उशाशी बसली. आमच्या या रसिक गृहस्थाला मात्र घरात एकाग्रता लाभेना. औषधांचा वास, रात्रंदिवस चाललेले कण्हणे! त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला मित्राची रिकामी खोली घेतली, फक्त भाषांतर पुरे होईपर्यंत. बहीण फोन करी, "एकदा येऊन जा रे." हा म्हणे, "ताई, एवढं कडवं होऊ दे." कवितेला कडवी पुष्कळ होती.

अखेर एका रविवारी त्याने संपूर्ण भाषांतर वाचले. समुद्राची गाज, खलाशांचा थकवा, बेटावरची सुस्त दुपार, सारे मराठीत उतरले होते. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. तो सरांच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्यांच्या कौतुकाच्या एका शब्दासाठीच तर त्याने घर सोडले होते.

सरांनी वही मागून घेतली, शेरे नीट वाचले आणि बाकीच्यांना निरोप दिला. मग खोडरबर काढून ते तेराव्या कडव्यापासूनचा समास खोडू लागले. एकामागून एक शेरा पुसला जात होता.

"सर, भाषांतरात काही चुकलं का?" शिष्याने घाबरत विचारले.

"भाषांतर उत्तम आहे," सर म्हणाले आणि खोडत राहिले. शेवटचा शेरा पुसून त्यांनी खोडरबराचा भुगा फुंकला.

"पहिल्या बारा कडव्यांत तुझे वडील एकदाही खूश झालेले नाहीत. पुढच्या अठरांत मात्र 'छान', 'सुंदर', 'फारच हृद्य'. मुद्रितं तपासणारा माणूस 'फारच हृद्य' म्हणतो होय रे? महिनाभर मला शंका येत होती. परवा तुमच्या घरी गेलो. त्यांची वाचा दिवाळीतच गेली. तुला ते ठाऊक होतं. तेव्हापासून तू तिकडे फिरकलाही नाहीस."

शिष्याची मान खाली गेली.

"त्या कवींच्या काळी घराघरात कर्तव्याचा धोशा होता आणि बाहेर गिरण्यांचा धूर. जीव घुसमटला की ते ग्रीकांच्या समुद्रावर जात. त्यांचं जाणं मला समजतं. पण त्यातला जो चांगला, तो कर्तव्य विसरून जात नसे. खलाशी गोड गोड बोलतात आणि तेवढ्यात घरी वाट बघणारी माणसं आपल्याला आठवतात. म्हणून ती कविता दुखते. तू गोडवा तेवढा आणलास. फळ तू खाल्लंस, आणि ते वडिलांनी दिलं असं समासात लिहिलंस." त्यांनी वही मिटून त्याच्यापुढे ठेवली. "मला हे ओळखता आलं, कारण मीही तेच खाल्लंय. माझी बायको दवाखान्यात वारली, त्या संध्याकाळी मी याच खलाशांवर व्याख्यान देत होतो. टाळ्या फार पडल्या."

"आता मी काय करू, सर?"

"घरी जा. त्याला माझं मार्गदर्शन लागत नाही."

तो घरी गेला. शरयू वडिलांना चमच्याने पेज भरवत होती. तिने रागावून काही विचारलेही नाही, याची त्याला अधिक लाज वाटली. खाटेशी बसून त्याने सगळी कडवी वाचली. वडील छताकडे पाहत होते. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

वाचून झाल्यावर वडिलांची हनुवटी पुसत शरयू म्हणाली, "आणि तोवर घरच्यांनी काय केलं रे?"

"ते कवितेत नाही, ताई."

"नसेलच," ती म्हणाली आणि तिने पेजेची वाटी त्याच्या हातात दिली.

पुढच्या रविवारी शिष्य वर्गाला आला नाही. त्याने कुणाबरोबर तरी वही तेवढी पाठवली होती. शेवटच्या कडव्याच्या समासात पेन्सिलीने एकच शेरा होता: 'तोवर घरच्यांनी काय केलं?' खाली बहिणीचे नाव.

वडिलांचा शेरा त्या वहीला पुन्हा कधीच मिळाला नाही. सरांनी बहिणीचा हा शेरा बराच वेळ वाचला आणि खोडरबर खणात ठेवून दिला.