उरलेलं पान

पळसाच्या रानाला लागून एक गाव होतं आणि त्या गावात पत्रावळ्या लावणारी एक बाई राहायची. परसात पानं भिजवायची दगडी डोणी, ओट्यावर पानांचा ढीग, आणि पदरात दोन लेकरं. थोरली गोदी, धाकटं बाळ. बाळ नुकतंच धरून धरून उभं राहायला लागलं होतं.

बाईला एकच काळजी खायची. गोदीला मोजता येईना.

शेजारणीची बकुळ गोदीच्याच वयाची. ती एका दमात शंभरापर्यंत आकडे म्हणायची. शेजारीण कौतुकानं म्हणायची, "आमच्या बकुळीला थांबवावं लागतं, बाई! तुमच्या गोदीचं कसं व्हायचं?"

बाई हसून वेळ मारून न्यायची, पण घास गोड लागायचा नाही. संध्याकाळ झाली की ती गोदीला पाटीपुढं बसवायची. "म्हण, एक, दोन, तीन..."

"तीन... सात," गोदी म्हणायची, आणि आईच्या कपाळावरच्या आठ्या बघून रडायला लागायची. पुढं पुढं तर पाटी दिसली की ती परसात पळायची.

एकदा गोदीनं पाटी पानांच्या ढिगाखाली लपवली. आईला ती सापडली, तसा तिचा हात उगारला गेला.

गोदी अंग चोरून म्हणाली, "आई, आकडे मला रागावतात गं."

हात तसाच थांबला. रागावत कोण होतं, ते आईला बरोबर कळलं. तिनं पाटी उचलून फळीवर ठेवून दिली. पोर मागं पडलं तर, अशी धास्ती मनात होतीच, तरी ती म्हणाली, "जा, भातुकली मांड. पान मी देते. पाहुणे किती आलेत?"

गोदीनं डोळे पुसले. "बाहुली आणि आपलं करडू."

"मग पानं किती देऊ?"

गोदीनं दोन बोटं पुढं केली. आईनं फाटक्यातली दोन छोटी पानं दिली. "आणि द्रोण? प्रत्येकाला एक वरणाला, एक खिरीला."

गोदी विचारात पडली. बाहुलीपुढं दोन खडे मांडले, करडापुढं दोन. मग सगळे खडे एकत्र करून, एकेकावर बोट ठेवत म्हणाली, "चार!"

तेव्हापासून मायलेकींचा तोच खेळ झाला. चुलीपाशी भाकऱ्या मोजायच्या, दोरीवरचे कपडे मोजायचे. चुकलं तर आई म्हणायची, "अगं बाई, एक पाहुणा उपाशी राहिला की!" आणि दोघी हसायच्या. शंभर मात्र अजून लांबच होते, आणि आईची काळजीही पुरती गेली नव्हती.

एके दुपारी शेजारीण बकुळीला घेऊन आली. अंगणात भातुकली रंगली. गोदी पानं मागायला आली. "बकुळ, बाहुली, करडू आणि बाळ. चार दे."

आईनं चार पानं दिली आणि ती शेजारणीशी बोलत काडीनं पत्रावळ टाचायला लागली. थोड्या वेळानं गोदी परत आली.

"आई, एक पान उरलं."

"राहू दे गं."

"उरायचं नाही ना! पाहुणे चार, पानं चार. एक पाहुणा उठून गेलाय."

शेजारीण हसली. "एका पानाचं काय घेऊन बसलीस गं? आमची बकुळ बघ, शंभर म्हणते!"

बकुळीनं लगेच सुरू केलं, "एक, दोन, तीन, चार..."

पण आईच्या हातातली काडी गळून पडली. बाहुली होती. करडू होतं. बकुळ होती. बाळ?

डोणी आठवली तशी ती परसात धावली. रांगत तिथवर गेलेलं बाळ डोणीच्या काठाला धरून टाचा उंचावून आत वाकलं होतं. पाण्यावरचं पान धरायला त्याचा एक हात पुढं गेला होता. आईनं त्याला मागून उचललं आणि छातीशी घट्ट धरलं. बाळ खुदकन हसलं.

शेजारीण मागोमाग आली होती. तिनं डोणीतलं पाणी बघितलं आणि गोदीला जवळ घेतलं. मग हळूच म्हणाली, "गोदे, आमच्या बकुळीला घेशील का गं रोज पानं वाढायला?"

गोदीनं मान डोलावली. बाळाला हाताला धरून पंगतीत बसवलं, उरलेलं पान त्याच्यापुढं मांडलं आणि म्हणाली, "आता बरोबर झालं."

आईला वाटलं, खरंच, बरोबर झालं.

तात्पर्य: लेकराकडून धाकानं आकडे पाठ करून घेण्यापेक्षा त्याच्या खेळात पाहुणं होऊन बसावं. घरच्या खेळात शिकलेलं मोजणं वेळेला कामी येतं.