दगडाचं तोंड

"सोडलास तेव्हा दगड कुठं होता?"

"पाखरांच्या नेमका समोर, आत्या."

"आणि गेला कुठं?"

हैबतीनं हातातली गोफण उगाच झटकली.

गेला होता डावीकडं, शेतातल्या उंच माळ्यावर. तिथं त्याची बायको सारजा ज्वारीवरची पाखरं हाकत उभी होती. तिच्या कानाशेजारी टांगलेलं पाण्याचं मडकं फुटलं. चार बोटं इकडं आला असता तर...

कालपासून त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पण मान ताठ! घाबरलेल्या पुरुषाला तेवढंच एक पांघरूण असतं.

"गोफणच वाईट," तो म्हणाला. "दोर पिळला असणार."

"गोफण वाईट, दोर वाईट. वारा राहिला की रे!"

बनाआत्यानं पन्नास सुग्या गोफणीवर राखल्या होत्या. तिनं त्याच्या समोर, वीस पावलांवर, बांधावर एक रिकामं गाडगं ठेवलं. मग त्याच्या उजव्या हाताला दहा पावलं जाऊन उभी राहिली.

"फोड."

"तू बाजूला हो आधी."

"मी आहे तिथं बरी आहे. दगड माझ्या तोंडासमोर आला की सोड."

"तुझ्या...?"

"माझ्या. गाडग्याच्या नाही."

"आत्या, जीव जाईल तुझा!"

"दगडाला गोल कोण फिरवतं?"

"मी."

"तू ओढून धरतोस म्हणून तो वळतो. ओढ सुटल्यावर कशाला वळेल? तेव्हा दगडाचं तोंड जिकडं असेल, तिकडं सरळ जाईल. फिरव."

त्यानं दगड घालून गोफण फिरवली. उजवीकडून समोर, समोरून डावीकडं, पाठीमागून पुन्हा उजवीकडं. दोर भणाणू लागला. दर फेऱ्याला दगड म्हातारीच्या कपाळासमोरून जाई, आणि दर फेऱ्याला हैबतीला तिथं सारजेचं कपाळ दिसे. तळहात घामानं निसरडा झाला. दोर बोट तोडून नेईल असा ओढत होता. थांबवावं तर कसं?

"आत्या, सुटेल हा!"

"सुटू दे. पण बघून."

तिची पापणी हलेना.

पुन्हा कपाळ आलं...

त्यानं टोक सोडलं.

समोर गाडग्याच्या ठिकऱ्या उडाल्या.

हैबती आत्याकडं धावला. म्हातारीच्या पदराचा काठसुद्धा हलला नव्हता. मग हळूहळू अंगात जुना ताठा भरला, अन् गडी छाती काढून उभा राहिला.

"जमलं! आता कळलं मला, आत्या. आता भीती म्हणून नाही."

"नाही?"

"छे!"

बनाआत्यानं वाकून पायाजवळचा एक गोल दगड उचलला. त्याच्या ओल्या तळहातावर ठेवला.

"मग सारजेला हाक मार... माझ्या जागी उभी कर."