काचेच्या कौलावरची परी

तुतीची झाडं आणि मागांची खटखट एकाच कुंपणात नांदतात, अशा एका गावात वेणू राहत होती. वेणूची आई रेशमाची लुगडी विणायची. मोराच्या मानेचा निळा, डाळिंबाचा लाल, पोपटी, जांभळा, सगळे रंग त्या घरात होते. पण ते सगळे दुसऱ्यांच्या लुगड्यांत जायचे. वेणूच्या परकराला मात्र चार ठिगळं, आणि तीही चार रंगांची!

वेणूचा धाकटा भाऊ रंगा दोन वर्षांचा झाला होता, तरी उभा राहत नव्हता. त्याच्या वयाची पोरं कोंबड्यांमागे पळायची आणि हा पाळण्यात बसून टाळ्या वाजवायचा. पाय मऊ, कमानीसारखे वाकलेले. "मुडदूस झालाय पोराला," शेजारच्या म्हाताऱ्या हळहळायच्या. घरात शेळीचं पेलाभर दूध यायचं. वेणू आपल्या वाटणीचा घोटही रंगालाच पाजायची आणि "मला दूध आवडतच नाही" अशी साफ थाप मारायची. एवढं करूनही पाय काही भरत नव्हते. हा कधीच चालला नाही तर, या विचाराने वेणूला रडू यायचं.

मागघराचं दार कायम बंद असे. धुळीने रेशीम खराब होतं ना! उजेडासाठी छपरात एक काचेचं कौल बसवलं होतं. त्यातून उन्हाचा पिवळाधम्मक चौकोन खाली उतरायचा आणि आईने पाळणा मुद्दाम त्याच चौकोनात टांगला होता. "माझ्या बाळाला बसल्या जागी ऊन मिळतं," असं ती कौतुकाने सांगायची.

एका सकाळी वेणू तुतीच्या बागेत गेली. जांभळ्या, रसरशीत तुतींनी फांद्या वाकल्या होत्या. तेवढ्यात एका पानाआडून कुणीतरी "आई गं!" म्हणालं. पाहते तर काय, बोटाएवढी परी! हळदुल्या रंगाचं झगमगतं पोलकं, दवासारखे चमचमते पंख आणि कपाळावर ज्वारीच्या दाण्याएवढं टेंगूळ.

"अगं, कुठे आपटलीस एवढी?" वेणूने परकराचा काठ दवात भिजवला आणि अलगद त्या इवल्याशा कपाळावर टेकवला.

"तुमच्याच छपरावर!" परी कुरकुरली. "मी ऊनपरी. रोज तुझ्या भावाला भेटायला येते आणि रोज त्या काचेवर धाडकन आपटते. माझी भावंडं उजेड आणि ऊब, दोघंही काचेतून आत जातात. मला नाही जाता येत."

वेणूने पिकलेल्या तुतीचा एक मणी तिच्या हातावर ठेवला. खाऊन परीचा राग पळाला.

"वेणू, तू गुणाची आहेस. तुला तीन इच्छा देते. पण नियम ऐक. हाडांना 'घट्ट व्हा' म्हणायचं नाही, ती माझं ऐकत नाहीत. कुणाचं मन फिरवायला सांगायचं नाही. आणि तिसरी इच्छा बोललीस की मी निघाले. मग कितीही हाका मार, मी यायची नाही."

वेणूच्या डोळ्यांसमोर आधी नवा परकर आला. खोटं कशाला सांगा? पण ती म्हणाली, "रंगाचं दूध जातं कुठे, ते मला दाखव."

लख्ख! वेणू साखरेच्या कणाहून लहान झाली आणि दुधाच्या घोटाबरोबर घसरगुंडी करत रंगाच्या आतड्यात पोचली. तिथल्या गुलाबी भिंतीत चिमुकल्या खोल्याच खोल्या होत्या. मोठी माणसं त्यांना पेशी म्हणतात. दुधातले चुन्याचे पांढरेशुभ्र कण दारांशी ताटकळत उभे होते. ते म्हणजे कॅल्शियम, हाडं घट्ट करणारं. पण उघडी दारं अगदी थोडी. चार-दोन कण आत शिरायचे, बाकीचे बिचारे पुढे वाहून जायचे.

इच्छेच्या बळावर परीही तेवढीच चिमुकली होऊन सोबत आली होती; तिचं बोट धरून वेणू एका खोलीत शिरली. आत एक गोलमटोल राखणदार डोळे मिटून बसला होता.

"काका, झोपता काय?" वेणू चिडली. "माझ्या भावाचं दूध वाया जातंय बाहेर!"

राखणदाराने एक डोळा उघडला. "पोरी, मी आळशी नाही गं. माझ्या कुशीत ही खोबण बघ. हिच्यात सोनकण बसला तरच माझ्या हातापायांत बळ येतं. त्याची वाट बघून बघून थकलो."

वेणूला आपल्या बोलण्याची लाज वाटली. "चुकलं काका," ती म्हणाली आणि परीकडे वळली. "माझी दुसरी इच्छा. काकांना एक सोनकण दे."

परीने टाळी वाजवली. रंगाच्या कातडीत एक पिवळा ठिपका उजळला. रक्ताच्या लाल ओढ्यातून तरंगत तो यकृताकडे गेला. तिथे त्याला एक टिकली लागली. मग तो मूत्रपिंडाकडे गेला, तिथे दुसरी टिकली लागली. दोन टिकल्या लावून, नटूनथटून, सोनकण राखणदाराच्या कुशीत असा चपखल बसला की बस! यालाच शाळेत 'ड' जीवनसत्त्व म्हणतात, पण नटलेला सोनकण ज्याने पाहिला त्याला ते नाव कोरडंच वाटणार.

राखणदार ताडकन उठला. त्याने आपल्या जोडीदाराचा हात धरला, कारण हे काम एकट्याचं नव्हे. दोघं आतल्या दालनात गेले. तिथे लांबच लांब धागा गुंडाळून ठेवला होता आणि त्याच्यावर सगळ्या शरीराची नक्षी लिहिलेली होती. विणकराची लेक ती, वेणूला लगेच कळलं. आई नक्षीचा कागद बघून मोर विणते, तसंच हे! राखणदाराने नेमकी जागा शोधून हात ठेवला आणि हुकूम सुटला, "चुन्यासाठी दारं करा!"

हळूहळू नवी दारं तयार झाली. पांढरे कण लगबगीने आत आले आणि हाडांच्या वाटेला लागले.

"पण एका कणाने काय होणार?" परी म्हणाली. "काकांना असे पुष्कळ कण हवेत, आणि तेही नेहमी. मी अंगाला लागले तरच ते बनतात, काचेखाली बनत नाहीत."

लख्ख! वेणू पुन्हा तुतीच्या बागेत, होती तेवढीच मोठी झाली आणि धावतच घरी आली. "आई, रंगाला अंगणात घेऊन बसू दे मला."

"आणि मागाला लागणाऱ्या धाग्याच्या कांड्या कोण भरंल? दार उघडलं की धूळ येती बाई," आई म्हणाली. "त्याच्या अंगावर ऊन पडतंय की रोज!"

"काचेतून नुसता उजेड येतो गं, ऊब येते. त्याच्या हाडांना लागतं ते ऊन बाहेरच राहतं. कांड्या मी पहाटे उठून भरीन. मागच्या दाराने जाईन, लगेच ओढून घेईन. आई, त्याचे पाय बघ ना!"

आईचा माग थांबला. तिने रंगाच्या पायांवरून हात फिरवला. "जा, घेऊन बस," ती हळूच म्हणाली.

त्या दिवसापासून वेणू पहाटे कांड्या भरायची आणि कोवळं ऊन जरा वर चढलं की रंगाला घेऊन अंगणात बसायची. परी त्याच्या पोटावर, पायांवर नाचायची. दोन महिने गेले. रंगाचे गाल तुकतुकीत झाले, पाय भरले, पण उभा काही तो राहीना.

एक दिवस पलीकडच्या मागघरातून बाळाचं किरकिरं रडणं आलं. तिथेही दार बंद, तिथेही काचेचं कौल.

"त्याच्याकडेही जा ना गं," वेणू म्हणाली.

"तुझी इच्छा बाकी आहे, तोवर मी या अंगणाला बांधलेली," परी म्हणाली. "ती बोललीस तर मात्र मी तुझी राहणार नाही. विचार कर."

वेणूने रंगाकडे पाहिलं. तो अजून बसलेलाच होता. परी गेली आणि हा असाच राहिला तर? तिने त्याला जवळ ओढलं. पलीकडचं बाळ पुन्हा रडलं.

"जा तू," वेणू म्हणाली. "ही माझी तिसरी इच्छा. त्यांच्या घरी काय सांगायचं ते मी सांगेन."

परीने तिच्या गालाची पापी घेतली. "वेडे, मी गेले तरी ऊन कुठे जातंय?"

आणि ती उजळली. आधी हळदुली, मग केशरी, मग नुसता लखलखाट! अंगणभर सोनेरी ठिणग्या उडाल्या. एक ठिणगी रंगाच्या नाकासमोरून वर वर निघाली. रंगाने हात लांबवला. पोचेना. गुडघ्यांवर आला. तरी पोचेना. मग त्याने वेणूच्या खांद्याचा आधार घेतला, जोर लावला आणि उभा राहिला. मग खांदाही सोडला.

ठिणगी विझली. परी नव्हती. रंगा मात्र रिकामी मूठ मिटून उभाच होता, डुलत डुलत, आणि स्वतःवरच खुदूखुदू हसत.

"आई!" वेणू ओरडली. "माग सोड! आधी बाहेर ये!"

आई हातातला मागाचा धोटा घेऊन तशीच धावत आली. मागचं दार सताड उघडं राहिलं, वारा आत शिरला, रेशमावर धूळ बसली, आणि त्या दिवशी कुणीही ते दार लावायला उठलं नाही.