नाना गुरवांची चुकलेली सम

“पण बुवा, चूक ठेवायची कशाला?”

मिहीरला खरंच कळेना. जेमतेम वीस सेकंदांचा तुकडा, आणि त्यावरून बुवांनी हातातला चहा खाली ठेवला!

दिगंबरबुवा वाईतले पखवाजिये आणि मिहीर त्यांचा सहा वर्षांपासूनचा शिष्य. हात असा तयार की ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलं ठाऊक. तीनदा त्यानं बुवांना विचारलं होतं, गंडा कधी बांधणार? गुरूनं मनगटावर तो दोरा बांधला की शिष्य घराण्याचा झाला. तीनही वेळा बुवा एवढंच म्हणाले, “अजून नाही.”

म्हणून तर आजचा हा घाट. बुवांचे गुरू नाना गुरव. त्यांच्या वादनाचं एकच चित्रण उरलेलं, तेही चरे पडलेल्या सीडीवर. तिच्यातली डॅट फाइल ना बुवांच्या टीव्हीवर चाले, ना फोनवर. पठ्ठ्यानं आठवडाभर घरच्या कॉम्प्युटरशी झटापट करून तिची एमपीफोर केली आणि बुवांना मुद्दाम घरी बोलावलं. हे बघितल्यावर बुवा नाही म्हणतीलच कसे!

आणि बुवा पुन्हा तेच विचारत होते, “नानांची सम चुकली होती, ती कुठाय?”

“कापली. आता हे सगळे बघणार, बुवा. नानांचं हसं नको व्हायला.”

“मूळ फाइल?”

“कॉम्प्युटरवर उतरवलेली? फार जागा खात होती... उडवली.”

बुवा खिडकीकडे वळले.

“बुवा... एवढं काय होतं त्यात?”

“नानांच्या आधी चार बिनचूक वाजवणारे ऐकले होते मी. चौघांनाही नमस्कार केला आणि घरी आलो.”

“आणि नाना?”

“त्यांच्याकडे गेलो तो अकरा वर्षं राहिलो.”

“सीडी आहे अजून!” मिहीर ताडकन उठला. शर्टाच्या टोकानं पुसून त्यानं सीडी आत सरकवली. घरघर... खरखर... गप्प. काढली, पुन्हा घातली. पुन्हा गप्प. “चल गं बाई, चल!” तिसऱ्यांदा आत काहीतरी भिरभिरलं आणि पडद्यावर फाइल दिसली.

“आली! बुवा, आली!”

या वेळी त्यानं कात्री लावली नाही. सबंध फाइल जशीच्या तशी बदलायला टाकली. बुवांनी खुर्ची पुढे ओढली आणि ते टक्क्यांचे आकडे मोठ्यानं वाचू लागले. “एकाहत्तर... बहात्तर... अरे, अडकलं की काय?”

“चालू आहे, बुवा!”

“मग पंचाहत्तर का होईना?”

शंभर झाले तेव्हा दोघंही नकळत उभे होते.

पडद्यावर नाना तोच बोल तीनदा घेणारी तिहाई धरून समेकडे, तालाच्या पहिल्या मात्रेकडे निघाले. काय तो वेग! काय तो हात! आणि शेवटचा धा समेनंतर एका मात्रेनं पडला. सभा चिडीचूप. नानांनी मान मागे टाकली, खदखदून हसले, सगळ्यांना हात जोडले आणि तीच तिहाई पुन्हा धरली.

“बघ! बघ लेका!” बुवांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि तोंडभर हसू होतं.

मिहीरलाही राहवेना. “बुवा, आता तरी गंडा...?”

बुवांनी कोपऱ्यातल्या पखवाजाकडे बोट दाखवलं. “बस.”

“काय वाजवू?”

“बसवलेलं नाही ते. तिहाई आत्ता बांध.”

बुवांनी हातावर चौताल धरला. मिहीरनं सहा वर्षांत गुरूसमोर न घोटलेला एकही बोल वाजवला नव्हता. त्यानं तळवे शर्टाला पुसले. निघाला... आणि सम हुकली.

एरवी त्यानं पखवाजाच्या डाव्या पुडीवर लावलेल्या कणकेला दोष दिला असता. ओली झाली, सैल झाली, काहीतरी सांगितलं असतं. आज कान तापले, पण तोंडून एकच शब्द निघाला. “पुन्हा.”

पुन्हा हुकली. या खेपेला तर दोन मात्रांनी!

बुवा ताल देत राहिले. मिहीरला आता भीती वाटेना, उलट गंमत वाटायला लागली. केवढी मोकळी जागा होती ही, आणि आजवर तो इकडे फिरकलाच नव्हता! त्यानं हात उचलले आणि तिसऱ्यांदा निघाला.

बुवांनी ताल थांबवला. खांद्यावरच्या उपरण्याची एक दशी ओढून तोडली.

“थांब. समेवर यायच्या आत मनगट पुढे कर.”