अकरा शाली

"...पण लहरी अडतात तरी कुठे, माई?"

घाटोळ सरांनी हे चौथ्यांदा विचारलं. नदीकाठच्या मठात दुपार पेंगुळली होती. चिंचेखाली रेणामाई वाती वळत बसल्या होत्या. डोळे मिटलेले, बोटं तेवढी जागी.

सरांनी तीस वर्षं मुलांना रेडिओ दुरुस्ती शिकवली होती. धातूपुढे लहरी अडतात, हा त्यांचा पहिलाच धडा असे. हवेतल्या लहरींची नस न् नस आपल्याला ठाऊक आहे, हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगत. आणि नेमकं त्यांच्याच घरात इंटरनेट रखडत होतं. तोंड दाखवायला जागा उरली नव्हती बिचाऱ्यांना.

"राउटर बंद करून चालू केला. चॅनल बदलला. दुप्पट वेगाची जोडणी घेतली. तरी वृंदाचा चेहरा गोठतो, शब्द तुटतात."

"लेक काय म्हणते?"

"तेच तर कळत नाही! दर रविवारी फिनलंडहून व्हिडिओ कॉल करते. 'बाबा, मला काही सांगायचंय', एवढं नीट येतं. पुढे नुसते तुकडे."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"बिघाड तुझ्याकडे आहे म्हणतो. तपासून घे म्हणतो."

माईंची एक वात वळून झाली.

"तीन रविवार असं झालं. गेल्या रविवारी फोनच आला नाही."

सरांचा आवाज उतरला. शेवटच्या खेपेला गोठलेल्या चित्रात लेकीचे डोळे भरून आले होते. सरांनी ते पाहिलं होतं, आणि पाहूनही नजर वेगाच्या आकड्याकडे वळवली होती. हे मात्र माईंना सांगायला त्यांची जीभ रेटेना.

"ती राउटरची पेटी ठेवलीत कुठं?"

"शोकेसमध्ये, अगदी मधोमध!" सर खुलले. "भोवती माझी सन्मानचिन्हं. सगळी पितळी. मागे आरसा. शोकेससाठी वृंदाचं अभ्यासाचं टेबल माळ्यावर टाकलं. आता कोण बसतंय त्याच्यावर?"

"किती सत्कार झाले तुमचे?"

"अकरा."

"आमच्याकडचा राहिलाच की, सर."

माई उठल्या. भक्तांनी वाहिलेल्या शालींचा गठ्ठा घेऊन आल्या. पहिली शाल खांद्यांवर आली तशी सरांनी सवयीनं मान लववली. दुसरी माईंनी डोक्यावरून घातली. तिसरी... चौथी...

नवल म्हणजे सरांना बरं वाटत होतं. ऊब होती, कापराचा जुना वास होता. नदी लांब गेली, मग चिंचेवरची पाखरंही लांब गेली. डोळा लागता लागता वाटतं तसं गोड काहीतरी अंगभर पसरलं. अकरावी शाल पडली तेव्हा त्या अंधारात सर एकटेच होते, आणि मोठ्या मानानं बसले होते.

मग कुणीतरी बोलू लागलं. फार लांबून. एक शब्द पोचायचा, तीन वाटेतच गळायचे.

"काय?"

पुन्हा तेच.

"ऐकू येत नाही! मोठ्यानं बोला! तुमचाच आवाज बारीक आहे, बिघाड तुमच्या..."

सर थबकले.

शालींच्या आत त्यांचं बोलणं त्यांनाच फार मोठ्यानं ऐकू आलं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे... मग एकेक शाल त्यांनी आपल्या हातानं उतरवली. शेवटची उतरली, तर माई वीतभर अंतरावर बसलेल्या. नदीही होती तिथंच होती.

"काय म्हणत होता, माई?"

"पाणी घेता का, म्हणत होते. केव्हाची."

सर पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला.

"तिनं पुन्हा फोन केलाच नाही तर?"

"तुम्हाला करता येत नाही?"

 चार रविवारांत हे सरांना एकदाही सुचलं नव्हतं. ते उठले, चपला शोधल्या, घाईनं उलट्या पायांत घातल्या, पुन्हा नीट घातल्या. फाटकापाशी मात्र ते वळलेच. तीस वर्षांची खोड ती, अशी कशी जाईल?

"घरी गेल्या गेल्या करतो, माई. पण राउटर... राउटर ठेवू कुठे?"

माईंनी पुन्हा कापूस हातात घेतला.

"आधी टेबल खाली काढा."