गाडीची खोली

उत्तमराव म्हणजे दूध सोसायटीचा चेअरमन. गावात त्याला उलट बोलायची कुणाची टाप नव्हती, अन् त्यालाबी तीच सवय जडलेली. नव्या घराची आखणी चालली होती. एका अंगाला गाडीचं गॅरेज, त्याला लागूनच म्हाताऱ्या बापाची, ईश्वराआप्पांची खोली. जागा तेवढीच, एक वाढली की दुसरी घटणार.

चेअरमननं गाडी चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेघांत उभी केली, चारी दारं सताड उघडली अन् भोवतीनं फिरून बघितलं. "अवघडतंय हो गवंडी. रेघ सरकवा तिकडं."

रेघ आप्पांच्या खोलीत घुसली. गवंडी चाचरला, "साहेब, आप्पांना कमी पडंल."

"खाट आणा. आप्पा, निजा बरं जरा."

खाट आली. बाजूला उभे असलेले आप्पा निमूट निजले. चेअरमननं खाटेच्या कडंकडंनं फक्की ओढायला लावली. "बघा! बसतंय की माणूस. अजून काय पायजे?"

आप्पा पडल्या पडल्याच म्हणाले, "उत्तम, गाडीचं माप तू दारं उघडून घेतलंस, अन् माझं आडवं पाडून घेतोस. आडवं माप तिरडी बांधताना घेत्यात, बाबा. मी अजून उठतोय, फिरतोय, चार माणसं माझ्याकडं बसायला येत्यात. चालत्या माणसाचं माप घे."

चेअरमननं स्वतःच पायानं रेघ पुसली, बापाला हात देऊन उठवलं.

"चाला, आप्पा. तुम्ही थांबाल तिथं रेघ. गाडीतनं मी एका बाजूनं उतरंन."