डोळ्यावरचा डाग

कणकवलीच्या स्टुडिओवाल्या यमुताई केरकरांनी कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा, प्रत्येक फोटोत उमटणारा डाग पुसायचं औषध मागवलं. पार्सल गाडीने आलं, तरी कुरिअरच्या खानविलकर साहेबांनी विमानाचा नियम दाखवला. "द्रवपदार्थ आहे, पेट घेईल!" म्हणत ते परत धाडलं आणि तसं लिहून सही ठोकलेली चिठ्ठी यमुताईंच्या हातावर ठेवली.

महिन्याने तेच साहेब, मधल्या काळात यमुताईंनीच काढलेला वडिलांचा फोटो नाचवत आले. "वडील गेले. हार घालायचाय, आणि डोळ्यावर हा डाग! मागे स्टुडिओचा शिक्का मारताना लाज नाही वाटली?"

यमुताईंनी फोटो उलटा करून शिक्क्याशेजारी ती चिठ्ठी चिकटवली. "फोटो माझा, म्हणून शिक्का माझा. डाग तुमचा, म्हणून सही तुमची."

 साहेब हळूच म्हणाले, "दुसरा एखादा असेल ना हो?"

नव्हता. डाग कॉम्प्युटरवर पुसता आला असता, पण त्याखालची नजर कुठून आणणार? यमुताई फोटोमागची चिठ्ठी खरवडू लागल्या.